खंबातच्या आखाताची भरती आणि विजेचे स्वप्न

(ग्रंथालयाच्या शताब्दी वर्षातील व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

बडोद्याहून जंबुसरमार्गे कावी-कंबोईला निघालेला यात्रेकरू निघण्यापूर्वी घड्याळ पाहत नाही, तिथी पाहतो. मही नदी आखाताला मिळते त्या टापूतील स्तंभेश्वर महादेवाचे लिंग दिवसातून दोन वेळा समुद्राच्या पाण्याखाली जाते आणि दोन वेळा मोकळे होते. चुकीच्या वेळी पोहोचलेल्याला पाण्याचेच दर्शन घेऊन तिष्ठत बसावे लागते. या सभागृहातील पुष्कळांनी ती यात्रा केलेली असेल, आणि डोळ्यांदेखत पाणी चढताना पाहून क्षणभर अंगावर काटाही आला असेल. त्या पाण्याचे पुण्य किती, हा श्रद्धेचा विषय. त्याची ताकद किती, हा मात्र हिशेबाचा विषय आहे. तो हिशेब १९७५ सालापासून अनेकांनी मांडला. कागदावर तो दर वेळी उत्तम जमला, आणि आखातात अजून एक युनिटही वीज निर्माण झालेली नाही. असे का झाले, याचा शोध घेणे हे या व्याख्यानाचे प्रयोजन.

प्रथम एक घोटाळा दूर करणे अवश्य आहे. लाट निराळी आणि भरती निराळी. लाट वाऱ्याने उठते. वारा पडला की ती निमते. केरळातील विळिंजम येथे १९९१ साली लाटांवर चालणारे १५० किलोवॉटचे लहानसे वीजकेंद्र उभारले होते. तो प्रयोग लाटांचा होता. भरती ही चंद्राची आणि काही अंशी सूर्याची करणी. पृथ्वी स्वतःभोवती फिरत असता चंद्रही पुढे सरकतो, म्हणून चंद्राचा दिवस २४ तास ५० मिनिटांचा भरतो आणि दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर पडते. अमावास्या-पौर्णिमेला चंद्र-सूर्यांचे ओढणे एका रेषेत येते, तेव्हा उधाणाची भरती; अष्टमीच्या सुमारास ते काटकोनात येते, तेव्हा भांगाची. कोकणातील कोळ्याला हे पुस्तकातून शिकावे लागले नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे गणित तो बोटांवर करतो. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, हा त्याचा हिशेब पंचांगाइतकाच भरवशाचा. वाऱ्याचे व ढगांचे भाकीत चार दिवसांपलीकडे डळमळते. भरतीचे भाकीत पुढील शंभर वर्षांचेही मांडता येते. वीजकेंद्र चालविणाऱ्याला या निश्चितीचे जे मोल वाटते, ते दुसऱ्या कोणत्याही नैसर्गिक स्रोताच्या वाट्याला येत नाही.

निश्चिती आहे, पण ताकद सर्वत्र सारखी नाही. भरतीच्या वेळी खाडीचे तोंड बंद करून पाणी कोंडले, बाहेर ओहोटी लागू दिली आणि मग ते चक्रांवरून सोडले, तर मिळणारी ऊर्जा पाण्याच्या उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. कारण उघड आहे. उंची दुप्पट झाली की कोंडलेले पाणी दुप्पट होते, आणि ते पडतेही दुप्पट उंचीवरून. एक चौरस किलोमीटरचे तळे घेतले आणि भरती-ओहोटीतील अंतर ८ मीटर धरले, तर एका भरतीत सुमारे ८९ हजार युनिट ऊर्जा साठते. तेच अंतर ४ मीटरवर आले की हा आकडा २२ हजारांवर घसरतो. गोव्याच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीचे अंतर दोन मीटरच्या आसपास असते. तेथे हा विचार मनात आणण्यातही अर्थ नाही. खंबातच्या आखातात मात्र सरासरी अंतर पावणेसात मीटर आणि कमाल ११ मीटर मानले जाते. कच्छच्या आखातात सरासरी सव्वापाच आणि कमाल ८. भारताच्या एवढ्या लांब किनाऱ्यावर हिशेबात घेण्याजोग्या जागा म्हणून ही दोन आखातेच पुढे येतात. तिसरे नाव सुंदरबनाचे, पण ते बरेच मागे.

खंबातला हे वैभव का लाभले? आखात तोंडाशी रुंद, आत निमुळते आणि उथळ. बाहेर पश्चिम किनाऱ्याचा समुद्रबूड प्रदेश दूरवर सपाट पसरलेला. नरसाळ्यात पाणी ओतावे आणि ते अरुंद नळीशी चढावे, तसे येथे घडते. शिवाय झोपाळ्याला योग्य क्षणी झोका दिला की तो अधिकाधिक उंच जातो, त्याप्रमाणे आखाताचा स्वतःचा हेलकावा आणि समुद्राची भरती यांचा मेळ बराचसा जुळतो.

या पाण्याची दहशत फार जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ नावाच्या प्रवासमार्गदर्शिकेत बारिगाझा, म्हणजे भडोच, या बंदराच्या वाटेचे वर्णन आहे. नर्मदेच्या मुखाशी पाणी असे धावून येते की अनोळखी गलबते उलटतात वा वाळूत रुततात. म्हणून राजाने नेमलेले स्थानिक वाटाडे ‘त्रप्पग’ व ‘कोटिंब’ नावाच्या नावा घेऊन पार सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे जातात आणि परदेशी जहाजांना भरतीच्या वेळा साधत आत आणतात. त्या ग्रंथात उल्लेखिलेला राजा नहपान असावा असे मानले जाते. नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखांमुळे मराठी वाचकाला हे नाव अपरिचित नाही. त्याच्याही आधी, इ. स. पू. ३२५ मध्ये, सिंधूच्या मुखाशी अलेक्झांडरचे आरमार ओहोटीने एकाएकी कोरडे पडले आणि भूमध्य समुद्राच्या सौम्य भरतीची सवय असलेले त्याचे सैनिक गडबडून गेले, असे इतिहासकार सांगतात.

दहशतीबरोबर उपयोगही होताच. रायगड जिल्ह्यातील खारबंदिस्तीत ‘उघाडी’ असते आणि गोव्याच्या खाजन शेतीत ‘मानस’ असते. बांधात बसविलेली ही लाकडी दारे भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात व ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. खारे पाणी बाहेर राहावे आणि पावसाचे पाणी निघून जावे, एवढीच त्यांची कामगिरी. युरोपात याच दाराला उलट बसविले. भरतीचे पाणी आत येऊ द्यायचे, कोंडायचे, आणि ओहोटीत जात्याच्या चाकावर सोडायचे. उत्तर आयर्लंडमधील स्ट्रँगफर्ड लॉक या समुद्रखाडीतील नेंड्रम मठाशी अशा भरतीच्या चक्कीचे अवशेष सापडले आहेत. तेथील लाकडाच्या वलयांवरून तिचा काळ इ. स. ६१९ च्या सुमाराचा ठरतो. तत्त्व एकच, एकाने त्याच्या आधाराने भाताचे वाफे राखले, दुसऱ्याने पीठ दळले. खुद्द खंबातच्या आखातातही भरतीला मजुरीला लावलेले आहे, फक्त तिकडे कोणाचे या दृष्टीने लक्ष जात नाही. अलंगच्या किनाऱ्यावर १९८३ पासून जगभरातील म्हातारी जहाजे मोडीत निघतात, ती या उधाणाच्या जोरावर. हजारो टनांचे धूड भरतीच्या माथ्यावर वेगाने किनाऱ्याकडे हाकायचे आणि पाणी ओसरले की ते कोरड्या चिखलात आयते उभे! ना गोदी, ना यारी. तेवढे वजन तेथवर उचलून आणण्याचे काम चंद्र फुकट करतो.

आता वीज. या विषयातील पहिले मोठे आणि अद्याप सर्वांत शहाणे उदाहरण फ्रान्समधील ब्रिटनी प्रांतातले आहे. सेंट मालो या बंदरगावाजवळ रान्स नावाची लहान नदी समुद्राला मिळते. तेथे भरती-ओहोटीचे सरासरी अंतर ८ मीटर आणि मोठ्या उधाणाला साडेतेरा मीटरपर्यंत. या मुखावर पूर्वी भरतीच्या चक्क्या चालत असत. १९६१ साली धरणाचे काम सुरू झाले आणि २६ नोव्हेंबर १९६६ रोजी राष्ट्राध्यक्ष द गॉल यांच्या हस्ते केंद्राचे उद्घाटन झाले. ७५० मीटर लांबीचा बंधारा, मागे सुमारे २२ चौरस किलोमीटरचे जलाशय, आणि बंधाऱ्याच्या पोटात प्रत्येकी १० मेगावॉटची २४ जनित्रे. एकूण २४० मेगावॉट. जनित्र व चक्र एका लांबट कवचात बसवून ते सबंध कवचच पाण्याच्या प्रवाहात ठेवण्याची ‘बल्ब टर्बाइन’ची रचना येथे कसाला लागली. पाणी कोणत्याही दिशेने वाहिले तरी ही यंत्रे वीज देऊ शकतात, आणि उलट चालवून पंपाचे कामही करतात.

पंपाची ही युक्ती थोडी थांबून समजून घेण्याजोगी आहे. भरती पूर्ण चढली की आत-बाहेर पाणी समपातळीत येते. त्या वेळी बाहेरचे पाणी आत ढकलून तळ्याची पातळी आणखी एक मीटर चढवायची, तर खर्च फारसा येत नाही, कारण ते पाणी जेमतेम मीटरभरच उचलायचे असते. चार-पाच तासांनी बाहेर ओहोटी लागते तेव्हा तेच पाणी पाच-सहा मीटरवरून खाली येते. उधार दिले एक आणि वसूल झाले पाच, असा हा व्यवहार. सावकारालाही हेवा वाटावा, आणि तरी तो पूर्ण सचोटीचा आहे. फरकाची रक्कम चंद्र भरतो.

एवढे करूनही हाती किती लागते? वर सांगितलेल्या हिशेबाने रान्सच्या तळ्यात वर्षाकाठी १३९ कोटी युनिटांच्या घरात ऊर्जा यायला हवी. प्रत्यक्षात सुमारे ५० कोटी युनिट वीज निघते, म्हणजे एक तृतीयांशाहून थोडी अधिक. आणि यंत्रे दिवसरात्र पूर्ण ताकदीने चालली असती तर जी वीज मिळाली असती, तिच्या ती पाव हिश्श्याइतकी पडते. दिवसातून काही तासच पाण्याला पुरेसा उतार मिळतो. उरलेला वेळ कोट्यवधींची यंत्रे भरतीची वाट पाहत उभी असतात. या धंद्याची खरी अडचण येथे आहे. इंधन फुकट आहे, पण भांडवल सगळे आधी ओतावे लागते, आणि ते दिवसाचा मोठा भाग स्वस्थ बसते. रान्सने हे भांडवल फेडले, कारण बंधारा पक्का होता आणि मालक सरकार होते. सहा दशके उलटत आली तरी केंद्र चालू आहे, आणि बंधाऱ्यावरून सेंट मालो ते दिनार हा वाहतुकीचा रस्ताही जातो.

पण रान्सच्या जमाखर्चात एक नोंद सहसा लहान टायपात छापली जाते. कोरड्यात बांधकाम व्हावे म्हणून १९६३ ते १९६६ अशी सुमारे तीन वर्षे खाडीचे तोंड पूर्ण बंद ठेवले होते. तेवढ्या काळात खाडीतील समुद्री जीवसृष्टी जवळजवळ नाहीशी झाली. पाणी पुन्हा खेळू लागल्यावर नवी सृष्टी वसली, परंतु ती स्थिरावण्यास दहा वर्षांच्या आसपास काळ लागला, आणि आत गाळ साचण्याची तक्रार कायमची मागे लागली. हे बावीस चौरस किलोमीटरच्या खाडीचे झाले. खंबातचे आखात किती पटींनी मोठे आहे, याची कल्पना नकाशा उघडून कोणीही करू शकेल.

जगात पुढे याचे अनुकरण थोडेच झाले. रशियाने १९६८ साली किस्लाया गुबा येथे ०.४ मेगावॉटचे छोटे केंद्र उभारले, चीनने १९८० च्या सुमारास जियांगशिया येथे. कॅनडात, फंडीच्या उपसागरात, जेथे १६ मीटरपर्यंत चढणारी जगातील सर्वांत उंच भरती येते, तेथे ॲनापोलिस रॉयल येथे १९८४ मध्ये २० मेगावॉटचे केंद्र सुरू झाले. मासे मरण्याचा वाद आणि यंत्राचा बिघाड यांनंतर ते २०१९ मध्ये बंद झाले. इंग्लंडमधील सेव्हर्न नदीच्या मुखावर बंधारा घालण्याची चर्चा एकोणिसाव्या शतकापासून चालू आहे. समित्या बसल्या, अहवाल आले, आणि २०१० साली तेथील सरकारने पुन्हा एकदा नकार दिला. त्याच परिसरातील स्वान्झी येथील ३२० मेगावॉटची योजनाही २०१८ मध्ये खर्चाच्या कारणाने नाकारली गेली. अहवाल काढण्यात भारताचा पहिला क्रमांक आहे, असा ज्यांचा समज असेल त्यांनी सेव्हर्नचा इतिहास अवश्य पाहावा.

बंधारा नको म्हणणाऱ्यांनी दुसरी वाट धरली. पवनचक्की जशी वाऱ्यात, तशी चक्की थेट भरतीच्या प्रवाहात उभी करायची. २००८ साली १.२ मेगावॉटचे असे यंत्र बसविले गेले, ते त्याच स्ट्रँगफर्ड लॉकमध्ये, जेथे मठातील साधू सातव्या शतकात दळण दळत होते. स्कॉटलंडच्या उत्तरेस पेंटलंड फर्थमध्ये प्रत्येकी दीड मेगावॉटची चार यंत्रे समुद्रतळाशी बसली. येथे ऊर्जा प्रवाहाच्या वेगाच्या घनाप्रमाणे बदलते; वेग निम्मा झाला की ऊर्जा एक अष्टमांश. त्यामुळे योग्य जागा मोजक्याच, आणि खाऱ्या पाण्यात, शेवाळ व शिंपल्यांच्या संगतीत यंत्रे राखणे हा वेगळाच संसार.

भारतातील कथा कच्छच्या आखातापासून सुरू करणे न्याय्य ठरेल, आणि बडोदेकरांना तिच्यात घरोबाही आहे. आखाताच्या तोंडाशी असलेले ओखामंडळ हे बडोदे संस्थानचे. ओख्याचे बंदर सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत, १९२६ साली, सुरू झाले. त्याच्याही अर्धशतक आधी, १८७३ ते १८७५ या काळात, भारतीय सर्वेक्षण खात्यातील कॅप्टन बेअर्ड यांनी ओखा, हंसथल आणि नवानार या तीन ठिकाणी भरतीमापक यंत्रे बसवून नोंदी घेतल्या. त्यांना विजेशी कर्तव्य नव्हते. कच्छच्या रणालगतची जमीन समुद्राच्या तुलनेत खचते आहे की वर येते आहे, एवढे त्यांना ठरवायचे होते. दलदलीच्या किनाऱ्यावर, मनुष्यवस्तीपासून दूर, दिवसरात्र चालणारे यंत्र राखणे म्हणजे काय दिव्य असेल, ते कच्छचा किनारा पाहिलेल्यालाच कळेल. योगायोग असा की शंभर वर्षांनी भरतीच्या विजेसाठी जागा शोधणाऱ्यांची नजरही त्याच हंसथलच्या खाडीवर स्थिरावली.

१९७५ साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमातर्फे आलेले तज्ज्ञ एरिक विल्सन यांनी खंबात व कच्छ या दोन्ही आखातांकडे लक्ष वेधले. खंबातची क्षमता ७,००० मेगावॉट आणि कच्छची १,२०० मेगावॉट हे आकडे तेव्हापासूनच्या सरकारी कागदांत वारंवार भेटतात. खंबात मोठे, पण अवघड. म्हणून आधी कच्छ, असा विचार झाला. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने तपास करून १९८८ च्या सुमारास ९०० मेगावॉटच्या योजनेचा अहवाल सिद्ध केला. वर्षाला १६९ कोटी युनिट वीज अपेक्षित होती. म्हणजे रान्सप्रमाणेच, पूर्ण क्षमतेच्या पाचव्या हिश्श्याच्या जरा वर. पैसा किती आणि वीज किती हे समोर ठेवल्यावर योजना कपाटात गेली. शिवाय त्या आखाताच्या दक्षिण किनाऱ्याला प्रवाळबेटे व तिवरांची वने आहेत. १९८२ मध्ये तेथे राष्ट्रीय सागरी उद्यान जाहीर झाले होते. २०११ साली प्रवाहातील चक्क्यांच्या पद्धतीने ५० मेगावॉटचा प्रस्ताव आला, तोही उभा राहिला नाही. सुंदरबनातील दुर्गादुआनी खाडीवरील योजना तर अवघी ३.७५ मेगावॉटची. तिचा अंदाजी खर्च २३८ कोटी रुपयांवर गेला, म्हणजे एका मेगावॉटला ६३ कोटींहून अधिक, आणि ती सोडून देण्यात आली. याउलट डिसेंबर २०२० मध्ये गुजरातच्याच एका लिलावात सूर्यप्रकाशाची वीज युनिटला १ रुपया ९९ पैसे दराने देण्याची बोली लागली. ज्या किनाऱ्यावर भरती मोठी, तेथेच ऊन आणि वाराही स्वस्त, हे भरतीचे दुर्दैव म्हणावे लागेल. सूर्य मावळल्यानंतरच्या विजेची किंमत या दोन रुपयांत धरलेली नसते, हे खरे. पण भरतीही रोज पाऊण तास पुढे सरकते. संध्याकाळच्या गरजेशी तिची गाठ पंधरवड्यातून काही दिवसच पडणार.

खंबातची कहाणी याहून गुंतागुंतीची आहे, कारण तेथे विजेत पाणी मिसळले. आखाताच्या आरपार धरण घालावे, ही कल्पना ‘कल्पसर’ या नावाने रुजविण्याचे श्रेय महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे माजी कुलगुरू डॉ. अनिल काणे यांच्याकडे जाते. १९८० च्या दशकात त्यांनी तिचा पाठपुरावा केला. १९८८-८९ मध्ये प्राथमिक पाहणीचा अहवाल झाला, आणि पाया भक्कम लागला तर आखात बंद करणे तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. साबरमती, मही, ढाढर, नर्मदा यांचे समुद्रात जाणारे गोडे पाणी एका अफाट सरोवरात अडवायचे, सौराष्ट्राची तहान भागवायची, तीसएक किलोमीटरच्या धरणावरून दक्षिण गुजरात आणि भावनगर यांना जोडणारा रस्ता न्यायचा, आणि भरतीवर वीज निर्माण करायची. एका दगडात एवढे पक्षी! सौराष्ट्रातील दुष्काळी वर्षे ज्यांनी पाहिली आहेत त्यांनी या स्वप्नाला हसू नये. त्याची भव्यता खरी होती आणि गरजही खरी होती.

पण गोडे पाणी आणि भरतीची वीज यांचे हाडवैर आहे. विजेसाठी खारे पाणी रोज आत-बाहेर खेळावे लागते. गोड्या पाण्यासाठी ते कायमचे बाहेर राहावे लागते. दोन्ही हवे तर दोन निराळी जलाशये आणि दुहेरी बांधकाम आले. पुढच्या आराखड्यांत धरणाची रेषा सरकली आणि ज्या भरतीमुळे या आखाताकडे प्रथम लक्ष गेले, तिची वीज योजनेतून गळाली. राहिले ते गोड्या पाण्याचे सरोवर.

दक्षिण कोरियात नेमके याच्या उलट घडले, आणि गुजरातमधील प्रत्येक नियोजकाने ते मुद्दाम अभ्यासावे अशा योग्यतेचे आहे. तेथील सिहवा येथे १९९४ साली १२.७ किलोमीटरचा बांध घालून समुद्राचा तुकडा तोडला, तो शेतीसाठी गोड्या पाण्याचे सरोवर करण्यासाठी. भोवतालच्या कारखान्यांचे व वस्त्यांचे सांडपाणी त्यात येत राहिले. भरतीचे धुणे थांबले होते. थोड्याच वर्षांत पाणी इतके सडले की गोड्या सरोवराची कल्पनाच २००० सालाच्या सुमारास सोडून द्यावी लागली. मग त्याच बांधात दारे पाडून समुद्र पुन्हा आत घेतला आणि २०११ मध्ये २५४ मेगावॉटचे केंद्र सुरू झाले. क्षमतेने ते आता रान्सच्याही पुढे आहे. केवळ चढत्या भरतीवर ते वीज निर्माण करते आणि ओहोटीत पाणी सोडून देते. वीज ही तेथे दुय्यम. पाणी खेळते राहिल्याने सरोवर शुद्ध होऊ लागले, ही मोठी मिळकत. बांध आधीच उभा असल्यामुळे त्याचा खर्च विजेच्या माथी पडला नाही, हे त्या यशाचे इंगित.

खंबातच्या बाबतीत आणखी एक अबोल पक्षकार आहे, तो म्हणजे गाळ. तापी, नर्मदा, मही व साबरमती या चारही नद्या आपला गाळ या आखातात आणतात आणि भरती तो खालीवर घुसळत ठेवते. आखाताचे पाणी बाराही महिने गढूळ का, याचे उत्तर तेच. एकेकाळचे नामांकित खंबात बंदर गाळातच बुडाले. ऑक्टोबर २०१७ मध्ये घोघा ते दहेज अशी नौकासेवा मोठ्या अपेक्षेने सुरू झाली. दहेजच्या बाजूला पुरेसे खोल पाणी राहीना, आणि नोव्हेंबर २०२० पासून नौका दहेजऐवजी हजिऱ्याहून सुटू लागल्या. एका धक्क्यापुढचा गाळ जेथे आवरत नाही, तेथे तीस किलोमीटरच्या भिंतीमागे तो कोठे बसेल, हा प्रश्न दर्यावर्दी माणसाला अभियंत्याच्या आधी सुचतो.

बडोद्याला तर हा प्रश्न अंगणातला आहे. शहरातून वाहणारी विश्वामित्री पुढे ढाढरला मिळते आणि ढाढर आखाताला. जुलै २०१९ च्या अखेरीस एका दिवसात सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पुन्हा, विश्वामित्रीचे पाणी घराघरांत शिरले. आज ढाढरचे मुख भरतीने बारा तासांतून काही काळ तुंबते आणि ओहोटीत मोकळे होते. मुखाशी सरोवर झाले तर भरतीचा तुंबारा टळेल. पण ओहोटीची खोल पातळीही नाहीशी होईल. सरोवराची पावसाळ्यातली पातळी किती ठेवणार, यावर बडोद्यातील पुराचे पाणी किती तासांत उतरेल हे अवलंबून राहील. योजनेच्या समर्थकांनी व विरोधकांनी आजवर जेवढी शाई खर्च केली, तिच्यातील थोडी या एका आकड्यावर खर्च होणे आवश्यक होते.

संसदेच्या ऊर्जाविषयक स्थायी समितीने २०२१ मध्ये भरतीच्या विजेचा पुन्हा आढावा घेतला. देशाच्या क्षमतेचा नवा अंदाज १२,४५५ मेगावॉट असा त्यापूर्वीच, २०१४ मध्ये, चेन्नईच्या आयआयटीच्या अभ्यासातून पुढे आला होता. कच्छच्या आखातात निदान एक प्रायोगिक केंद्र उभारावे, अशी त्या समितीची शिफारस आहे. रान्सइतके मोठे नको, दुर्गादुआनीसारखे अर्धवट नको. ओख्याच्या परिसरात दहा-वीस वर्षे नोंदी देत राहील असे एखादे लहान यंत्र बसले, तरी बेअर्डने सुरू केलेल्या कामाचा तो योग्य उत्तरार्ध ठरेल. गाळ, गंज व शेवाळ यांची या पाण्यातली वागणूक कोणत्याही परदेशी अहवालातून कळणार नाही.

इकडे भडोचजवळ भाडभूत येथे नर्मदेवरील बंधाऱ्याचे काम २०२० नंतर सुरू झाले. भरतीचे खारे पाणी वर चढू नये आणि गोडे पाणी अडावे, हा त्याचा उद्देश. त्याच्या आराखड्यातही वीज नाही. पावसाळ्यात समुद्रातून गोड्या पाण्यात अंडी घालायला चढणारा पाला मासा याच मुखातून वर जातो, आणि त्याच्यावर पोट असलेल्या तेथील मच्छीमारांनी बंधाऱ्याला विरोध केला आहे. कावीच्या किनाऱ्यावर मात्र पाण्याचे वेळापत्रक आजही तेच आहे. येत्या अमावास्येला तेथे जाणाऱ्यांनी निघण्यापूर्वी भरतीची वेळ तेवढी पाहून घ्यावी.